शनिवारच्या लेखाची शांत

आमच्या पेपरात माझं सदर शनिवारी येतं आणि राशिभविष्याच्या खाली येतं. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तिथं आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

ही जागा काही मी मागितली नव्हती. शनिवारी खेळाचं पान जाहिराती खाऊन टाकायच्या. आमचे संपादक हो म्हणायचं असलं तरी आधी नाही म्हणून घेणारे. त्यांनी माझ्यापुढं पान सरकवलं. "वर पंचांगाची चौकट, मधात बारा राशी, खाली तुमी. जमत असन तर घ्या ताई, नाही तर राहू द्या." मी घेतलं. कॉलेजात सगळी वर्षं खो-खो खेळलेली बाई मी, पाठीत धक्का बसेपर्यंत खाली बसून राहायची सवय होती.

त्यांची आणखी एक अट होती. लेखाच्या शेवटी येत्या सामन्यात कोण जिंकणार ते सांगायचं. मी म्हटलं, "साहेब, मी खेळावर लिहिते, भाकीत नाही करत." ते म्हणाले, "लोक शेवटचीच ओळ वाचते. वरचं सारं तुमी आपल्या हौसेनं लिवा." इतक्या प्रेमानं अपमान फक्त वऱ्हाडातच होतो.

आता बाबांबद्दल. माझे बाबा भिक्षुक. अंबागेटच्या आत आमचं घर, आणि अर्ध्या अमरावतीची लग्नं, मुंजी, वास्तू, शांती बाबांच्या हातून झालेल्या. गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही, गुरुजी म्हणतात. मंत्र म्हणताना एक काना इकडचा तिकडं व्हायचा नाही आणि मंत्र संपले की, "अबे पोट्ट्या, थो पाट इकडं सरकव ना!" संस्कृत काशीचं, मराठी अंबागेटची.

माझं सासर अकोल्याचं. नवरा तिथं शाळेत मास्तर आहे. पेपर अमरावतीचा, म्हणून आठवड्यातले निम्मे दिवस मी माहेरी असते आणि बाकीचे अकोल्याला. लोकांना याचं फार कौतुक. सासूबाई म्हणत, "माहेरी जाऊन खेळते बाप्पा आमची सून, या वयात."

खेळावर मी कसं लिहिते त्याची रीत सांगते. सामन्याच्या दिवशी सगळेच पाहतात. मी आदल्या दोन-तीन दिवसांत सरावाला जाऊन बसते. कोण कसं बसतं, कोण पाणी पिताना कोणाकडं पाहतं, कोण बूट पुन्हा पुन्हा सोडून बांधतं, कोणाची आई गेटाशी उभी आहे. खेळाडू खेळताना खोटं बोलू शकतो, वाट पाहत बसला की नाही बोलू शकत. तेवढंच माझं शास्त्र. त्यात ग्रह नाहीत, तारे नाहीत, उन्हात बसून काळी पडलेली एक बाई आहे.

पण राशिभविष्याच्या खाली छापलेलं माणूस कसं वाचतं?

पहिला घोळ चिखलदऱ्याला झाला. तिथं घाटातली धावण्याची शर्यत होती आणि नागपूरचा एक पोरगा जिंकणार हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी दोन दिवस आधीच वर गेले होते. त्या पोराचे बूट नवेकोरे होते आणि तो दर थोड्या वेळानं दगडावर बसून टाच चोळत होता. मी लिहिलं, हा घाटाच्या दुसऱ्या वळणानंतर मागं पडेल, मेळघाटातला अमुक पोरगा पुढं जाईल. तसंच झालं. सोमवारी सकाळी दूधवाला बाबांना वाकून नमस्कार करत म्हणाला, "गुरुजी, मानलं तुमाले. वळणासकट सांगतलं!"

बाबा म्हणाले, "कायचं वळण?"

"आता कायले लपवता? ताईच्या नावानं छापून राहिले ना तुमी."

बाबांना काही समजलं नाही. त्यांनी दूध घेतलं आणि आत आले. मला समजलं, आणि मला हसू आलं. तेव्हा हसले ती चूक झाली. तेव्हाच बाहेर जाऊन त्या दूधवाल्याला बूट, टाच, दगड सगळं समजावून सांगायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, एक माणूस आहे, जाऊ द्या.

एक कुठला! माझे दोन-चार अंदाज लागोपाठ बरोबर आले आणि आमच्या ओट्यावर माणसं बसायला लागली. शनिवारचा लेख लोक मोबाइलवर एकमेकांना पाठवत आणि वर लिहीत, गुरुजींच्या घरचं. कुस्तीवाले येत, क्रिकेटवाले येत. एकदा तर बॅडमिंटन खेळणारे दोन डॉक्टर आले, रविवारी आपसातच खेळणार होते आणि कोण जिंकेल ते दोघांना मिळून विचारायचं होतं. बाबा सगळ्यांना एकच सांगत, "मले खेळातलं काही समजत नाही." लोक हात जोडत. असा नम्र माणूस पाहिला नाही म्हणत. जितकं नाही म्हणावं तितकी श्रद्धा वाढत गेली. आई आतून मला खुणावायची, चहा टाक, अजून तिघं आले.

मी रागीट आहे, हे आतापर्यंत लक्षात आलं असेलच. मी ओट्यावर जाऊन म्हणायची, "हे मी लिहिते. मी स्वतः पाहून लिहिते." लोक कौतुकानं मान हलवत. "हो ना ताई. लिहिता छानच तुमी. अक्षर कोणाचं का असेना, गुरुजीचं मार्गदर्शन लागतेच."

खरं दुखणं लोकांचं नव्हतं. बाबांनी माझं एक अक्षर वाचलं नव्हतं, हे दुखणं होतं. पेपर ते रोज वाचत, पण त्यांचा पेपर म्हणजे निधनवार्ता, कारण तिथं कामाचं असतं, आणि पंचांगाची चौकट, कारण तिथं चुका असतात. शनिवारी मी मुद्दाम ते पान त्यांच्यापुढं वर करून ठेवायची. तासाभरानं विचारायची, "वाचलं का बाबा?" ते म्हणत, "वाचलं. नक्षत्र चुकवलं आहे लेकाच्यांनी. तुह्या संपादकाले सांग." माझा लेख बोटभर खाली असायचा. तिथपर्यंत नजर घसरायलासुद्धा तयार नसायची.

लहानपणापासून हेच. मी खो-खोची ढाल घेऊन घरी आले तेव्हा बाबा बाहेरून वास्तुशांत करून आले होते. त्यांनी ढालीकडं पाहिलं आणि विचारलं, "हे कुठं ठेवशील आता?" वाईट माणूस नाही हो. खेळ म्हणजे वेळ आणि वेळ म्हणजे मुहूर्त, अशी त्यांची समजूत. मुहूर्ताबाहेर काही घडतं हे त्यांना मान्य नव्हतं. पण पोरीला ते कसं समजावं? मला एवढंच पाहिजे होतं की एकदा, फक्त एकदा, चार माणसांत बाबांनी म्हणावं, हे हिचं काम आहे. पन्नाशी आली तरी ती हौस गेली नव्हती. उलट वाढली.

त्यात मला पुरस्कार मिळाला. राज्यातला होता, सदरासाठी होता, पुण्यात सभागृहात होता. परीक्षकांपैकी एक गोरेपान गृहस्थ भाषणात म्हणाले, "यांच्या लेखनात एक रांगडा गोडवा आहे." मी स्टेजवर हसून मान झुकवली. रांगडा म्हणजे नेमकं काय म्हणाला हा माणूस, हे मला परतीच्या गाडीत भुसावळच्या पुढं समजलं, आणि मग बडनेरा येईपर्यंत मी त्याला मनातल्या मनात जी उत्तरं दिली ती फारच रांगडी होती. नवरा शेजारी बसून शेंगा सोलत होता. म्हणाला, "दिलं ना पण त्यानं? मंग कायले भांडून राहिली खिडकीशी?"

घरी आल्यावर सन्मानचिन्ह बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं करून पाहिलं. "जड आहे," म्हणाले, आणि आईकडं दिलं.

मग अमरावतीकरांनी सत्कार ठरवला. आपल्याकडं सत्कार ठरला की माणूस कोण हे दुय्यम असतं, शाल आधी येते. राजकमल चौकाजवळच्या हॉलमध्ये कार्यक्रम. मला बोलावलं, बाबांनाही आग्रहानं बोलावलं. मला वाटलं, आज होईल. आज चार काय, चारशे माणसांत बाबांना दोन शब्द बोलायला लावतील आणि बाबांना काहीतरी बोलावंच लागेल. मी नवी पैठणी नेसले होते. अध्यक्ष उठले, शाल हातात घेतली, माझ्या दिशेनं आले आणि माझ्यावरून पुढं जाऊन ती शाल बाबांच्या खांद्यावर घातली. "ज्यांच्या ज्ञानानं आपल्या शहराच्या खेळाले दिशा दिली," असं काहीतरी म्हणाले. टाळ्या पडल्या. मला दुसरी शाल मिळाली, पण ती आधी आणलेली नव्हती, कोणीतरी खाली जाऊन घेऊन आलं, तोपर्यंत निवेदक बाईंनी दोन चारोळ्या म्हटल्या.

आणि बाबा? बाबांनी उपरणं नीट केलं, त्यावर शाल नीट केली आणि सगळ्यांना आशीर्वाद दिला. बस्स.

ऑटोत मी फुटले. "तुमी बोलले काहून नाही?"

"काय बोलू? मंगलाष्टकं?"

"हे माझं आहे म्हणायचं होतं! माझ्या पोरीनं केलं म्हणायचं होतं!"

ऑटोवाला आरशातून पाहायला लागला. बाबा शांतपणे म्हणाले, "मले त्यातलं माहीत नाही. माहीत नाही त्याच्यावर मी बोलत नाही. बोललो असतो तर खोटं झालं असतं."

ती गोष्ट मनाला इतकी लागली की त्या आठवड्यात मी माहेरी राहिलेच नाही, सरळ अकोल्याला निघून गेले. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." त्यानं मुकाट्यानं चहा केला, म्हणजे त्याला सगळं समजलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मुलींच्या कबड्डीची स्पर्धा आली. अंतिम सामना अमरावती विरुद्ध अकोला, अमरावतीत. झालं! माझं माहेर एकीकडं, सासर दुसरीकडं, आणि शनिवारी लेख. संपादक खूश. आईनं आधीच सांगून ठेवलं, "बरोबरी होईल म्हणून लिव. कोणाले राग नको."

मी दोन्हीकडच्या सरावाला गेले. अकोल्याच्या पोरी नुसत्या मेहनती होत्या. अमरावतीची कप्तान मात्र काय पोरगी होती! चढाईला जायची तेव्हा समोरच्या सात जणींना आपल्यापैकी कोण बाद होणार ते ठरवायला वेळच मिळायचा नाही. पण ती परत येताना दर वेळी उजव्याच पायावर उतरत होती. बाकीच्या मांडी घालून बसल्या की ही डावा पाय लांब करून बसायची. डाव्या कोपऱ्याकडं पाय टाकणं तिनं बंदच केलं होतं. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर बाहेर बसावं लागेल. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं आणि चटकन पाय दुमडून घेतला. मी तसंच लिहिलं. गुडघ्याचं सगळं लिहिलं आणि शेवटी लिहिलं, पूर्ण वेळ हिलाच चढाईला पाठवत राहिले तर मध्यंतरानंतर ही अडकेल आणि अकोला जिंकेल.

शनिवारी सकाळी अमरावतीत हलकल्लोळ. सासरचं मीठ खाल्लं म्हणाले. अकोल्याहून सासूबाईंचा फोन आला, त्या इतक्या गोड बोलल्या की मला भीती वाटली.

आणि साडेनऊच्या सुमाराला अमरावतीच्या पोरींचा प्रशिक्षक आमच्या दारात उभा राहिला. उंचपुरा माणूस, गळ्यात शिट्टी. त्याच्या लग्नातही ती शिट्टी सदऱ्याच्या आत होती, असं आई सांगते, कारण ते लग्न बाबांनीच लावलं. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पेपरचं ते पान. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. त्याला मी दिसले नाही.

"गुरुजी, एक शांत करून द्या."

"बस. कोणाची? पोराची? नक्षत्र कोणतं?"

"पोराची नाही. ह्याची." आणि त्यानं पान बाबांपुढं ठेवलं. "तुमच्या शनिवारच्या लेखाची."

आईनं तोंडाला पदर लावला. मी गॅस बारीक केला, ऐकू यावं म्हणून.

बाबा म्हणाले, "लेखाची शांत?"

"तुमीच सांगतलं, तर तोड बी तुमच्याचपाशी असन ना. नवग्रह करा, काही करा. सारं आणलं म्या. सुपाऱ्या, हळकुंडं, नारळ. पोरींनी वाचलं हो हे! रडून राहिल्या दोघी-तिघी. कप्तान तर सकाळपासून पाण्याले बी शिवली नाही. गुरुजी, वरीसभर राबल्या त्या. ह्या एका कागदापायी जाईन सारं."

माणूस खोटं बोलत नव्हता. आणि एक गोष्ट सांगितली पाहिजे: बाबांनी आयुष्यात दारी आलेला यजमान सामानासकट परत पाठवला नव्हता. भिक्षुकाच्या घरी तो अपशकुनच समजतात. शांत करून दिली असती तर त्या माणसाला धीर आला असता, पोरींना बरं वाटलं असतं आणि बाबांचं काहीच गेलं नसतं. गेलं असतं ते माझं. लेख ग्रहांचा आहे यावर घरातूनच शिक्का बसला असता. मी गॅससमोर उभी राहून मनात म्हणत होते, करून टाका बाबा, तुमची सवयच आहे. आणि त्याच वेळी, नका करू, नका करू हो.

बाबांनी पिशवीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "नाही होत."

"काहून?"

"शांत ग्रहाची असते. ह्यात ग्रह कुठं आहे? तू वाचलं काय नीट?"

"वाचलं ना. अकोला जिंकते म्हणून लिहिलं आहे."

"ते शेवटी. त्याच्या आधी काय आहे?" बाबांनी पान हातातही घेतलं नाही. "तुही कप्तान परत येतानी उजव्या पायावर उतरते. बसते तेव्हा डावा पाय लांब करते. डाव्या कोपऱ्याकडं जात नाही. डावा गुडघा दुखून राहिला त्या पोरीचा, आन तिनं कोणाले सांगतलं नाही. तू रोज मैदानात राहतं. तुले दिसलं?"

प्रशिक्षकानं पान उचलून पुन्हा वाचायला घेतलं.

"मले बी दिसलं नसतं. मी तर कधी गेलोच नाही पाह्याले. हे माह्या पोरीनं पाह्यलं. तीन दिवस जाऊन बसली तिथं. मी एक अक्षर सांगतलं नाही तिले, कधीच नाही. पाहून लिहिलेल्याची शांत नसते बाप्पा. त्याच्यावर इलाज असते. नारळ उचल, आन त्या पोरीले हाडाच्या डॉक्टरकडं घेऊन जा."

चहा उतू गेला. सगळा गेला. आई म्हणाली, "अवं, गॅस!" आणि मी तशीच उभी. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. म्हणजे वाचत होते! एवढी वर्षं, बोटभर खाली, वाचत होते! आणि मला नक्षत्राच्या चुका सांगत होते!

प्रशिक्षक गेल्यावर मी बाहेर आले. बाबा पेपर घडी करत होते. मी म्हटलं, "तुमी वाचता?"

"घरात येते तर वाचावंच लागते," ते म्हणाले. "चहा कुठं आहे?"

रविवारी सामना झाला. प्रशिक्षकानं कप्तानला गुडघ्याला पट्टा बांधून बाहेर बसवलं. पहिला अर्धा वेळ दुसऱ्या पोरींनी किल्ला लढवला, मागं पडत पडत लढवला. शेवटच्या काही मिनिटांत कप्तान आत आली, ताज्या पायांनी, आणि तिनं दोन चढायांत अकोल्याचं अर्धं मैदान रिकामं केलं. अमरावती जिंकली. माझा अंदाज सपशेल चुकला. मी इतकी आनंदानं ओरडत होते की शेजारचा वार्ताहर म्हणाला, "ताई, तुमचं चुकलं आहे." मी म्हटलं, "चुप बस रे, पाह्य ना तिकडं!"

अकोल्यात नवऱ्यानं नुसतं एवढंच विचारलं, की पुढचे आठ दिवस सासूबाईंशी तू बोलणार आहेस का मी.

आणि अमरावती काय म्हणाली? अमरावती म्हणाली, गुरुजींनी गुपचूप शांत केली. प्रशिक्षक नारळ घेऊन आत गेला होता हे अर्ध्या गल्लीनं पाहिलं होतं. परत आलेला नारळ कोणी पाहिला नाही. सोमवारी ओट्यावर बसायला जागा नव्हती. दूधवाला तर आत देवघरापर्यंत आला.

आणि मी बाबांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "अरे, नाही केली शांत!" ते ओट्यावर उभे राहून म्हणाले. "त्यानं लेख वाचला म्हणून जिंकला तो! माह्या पोरीचा लेख!" लोकांनी हात जोडले. "समजलं गुरुजी. बाहेर नाही सांगत आमी."

त्यानंतर बाबांनी ध्यासच घेतला. सत्यनारायणाची कथा संपली, प्रसाद वाटायच्या आधी, यजमानाला सांगायचे, मी शांत केली नव्हती. मुंजीत सांगायचे. एका लग्नात अक्षता पडल्याबरोबर वराच्या मामाला बाजूला घेऊन सांगितलं, तो बिचारा चंद्रपूरहून आला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. कोणी विश्वास ठेवला नाही. आयुष्यभर बाबांनी सांगितलेलं लोकांनी डोळे मिटून मानलं, आणि ही एक गोष्ट मानायला कोणी तयार नाही. मला गंमत वाटायची आणि बाबांची दयाही यायची. मी म्हटलं, "राहू द्या ना आता बाबा. मला समजलं, पुरे झालं." ते म्हणाले, "तुले समजून काय फायदा? तुले आधीच माहीत होतं."

पुढच्या मोसमात पुन्हा कबड्डीची स्पर्धा लागली, या वेळी अकोल्याला. शुक्रवारी सकाळी मी बॅग भरत होते. बाबा धुतलेलं धोतर नेसून, उपरणं घेऊन, पायात चपला घालून दारात उभे.

"कुठं निघाले?"

"तुह्यासंगं. पाहतो काय करते तू तिथं."

"बाबा, ऊन आहे. तिथं मांडव नाही, काही नाही. दिवसभर बसावं लागते."

"मी दिवसभर होमापुढं बसतो," ते म्हणाले. "उन्हाचं मले नको सांगू."

बडनेऱ्याहून गाडीनं गेलो. मूर्तिजापूरला त्यांनी चहा नाही म्हटलं आणि माझ्या कपातला अर्धा पिऊन टाकला. मैदानावर पोचलो तर आयोजकांची धावपळ उडाली. गुरुजी आले, गुरुजी आले. व्यासपीठावर पाहुण्यांच्या रांगेत मधली खुर्ची रिकामी करून दिली. बाबा तिकडं गेले नाहीत. माझ्यासोबत पत्रकारांच्या कोपऱ्यात आले, जिथं खुर्च्या प्लास्टिकच्या असतात आणि एकीचा पाय नेहमी तुटका असतो. दोघं-तिघं लगेच मागून वाकले. "गुरुजी, आज कोण?" बाबांनी मान माझ्याकडं वळवली. "हिले इचारा." ते लोक हसले. त्यांना वाटलं, गुरुजी गंमत करून राहिले.

तेवढ्यात सूत्रसंचालकानं जाहीर केलं की अमरावतीहून गुरुजी आलेले आहेत, सामना सुरू होण्याआधी त्यांनी खेळाडूंना आशीर्वाद द्यावा. कोणीतरी माइक घेऊन धावत आमच्या कोपऱ्यात आलं. मैदान शांत झालं. दोन्हीकडच्या पोरी हात जोडून उभ्या राहिल्या. बाबांनी माइक हातात घेतला. त्यांना माइकची सवय नव्हती, लग्नात ते माइक बाजूला करून मंत्र म्हणत. एकदम मोठ्या आवाजात म्हणाले,

"मी आशीर्वाद द्याले नाही आलो. मले खेळातलं समजत नाही, आन पेपरात मी काही सांगत नाही. ते सारं हिचं आहे. ही माही पोरगी. तिचं काम पाह्याले आलो मी. चला, सुरू करा आता."

माइक त्या माणसाच्या हातात दिला आणि खुर्चीत बसले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. लोकांना काय करावं ते कळेना. मग पंचांनी शिट्टी मारली आणि अकोल्याची एक पोरगी कबड्डी कबड्डी म्हणत पलीकडं गेली.

मी मान खाली घालून पदरानं डोळे पुसत होते. पुसले की भरत होते. तिकडं एकदम आरडाओरडा झाला. शेजारचे सगळे वार्ताहर भराभर लिहायला लागले, आणि मी काहीच पाहिलं नव्हतं.

मी बाबांना विचारलं, "काय झालं?"

"गेली, एकीले शिवली, परत आली," ते मैदानावरची नजर न काढता म्हणाले. "लिव."